हात चालू लागला की

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाईट येते. तारीख मात्र बरोबर आहे.

उजव्या हाताला लकवा मारल्याला आज तीन महिने झाले. धंतोलीच्या दवाखान्यातून वैभवने — माझ्या मुलाने — मला उमरेडला माझ्या घरी न नेता थेट हुडकेश्वरला, आपल्या घरी आणले. तिसरा मजला. लिफ्ट नाही. सकाळी नऊला सर्व जण बाहेर पडतात आणि दाराला बाहेरून कुलूप लावतात. "तुम्ही जिन्यात पडले तर कोण पाहणार, बाबा?" उमरेडच्या घरात मी सत्तर वर्षांत एकदाही जिन्यावरून पडलो नाही. त्या घराला जिनाच नाही!

६ ऑगस्ट

वैभवने पुन्हा तो कागद काढला. उमरेडचे घर शेजारच्या वामनरावांना विकण्यास माझी संमती आहे, असे त्यावर छापलेले आहे. वामनरावांना दुकानाचे गोदाम वाढवायचे आहे. "सांगा बाबा, काय करायचं? वकील म्हणते, अंगठाही चालते."

मी चौथी उत्तीर्ण आहे. माझे वडील विणकर सोसायटीच्या वहीत अंगठा लावीत. कारकून त्यांचा अंगठा स्वतः धरून शाईत दाबीत असे, जणू तो त्यांचा नव्हेच. मी मात्र विणलेल्या पहिल्या लुगड्यापासून पूर्ण सही केली. मी वैभवला सांगितले — "अंगठा लावणार नाही. हात चालू लागला की सही करीन."

तो समाधानाने उठला. मीही समाधानाने बसलो. हात काही चालत नाही! घर गेले तर मला येथून जायला जागाच उरणार नाही.

११ ऑगस्ट

व्यायामाचा रबरी चेंडू दाबून कंटाळलो. ज्यातून काही निघत नाही ते काम नव्हे, असे सुनेला स्पष्ट सांगितले. प्रियदर्शनी शाळेत शिकवते, दोनला परत येते. तिने एक जाड क्रोशाची सुई माझ्या मुठीत खुपसली. "मग हे पकडा."

मी म्हणालो, हे बायकांचे काम आहे.

"तुम्ही जिंदगीभर लुगडी विणली, बाबा. ती कोण नेसत होतं?"

सुई पकडली.

१४ ऑगस्ट

या पद्धतीला ती कॉर्नर टू कॉर्नर म्हणते. चादर एका कोपऱ्यातून निघते. सहा साखळीटाके, त्यांवर उभे खांब-टाके — एक चौकोन झाला. पुढच्या ओळीत दोन, त्यापुढे तीन. कापड तिरके वाढत जाते.

मी विचारले, "पन्हा किती?"

"तुम्ही जिथं थांबाल तितका."

हे मला पटले नाही. मागावर पहिला धागा टाकण्यापूर्वीच फणीची रुंदी पन्हा ठरवते. विणकराला ते ठरवावे लागत नाही.

१९ ऑगस्ट

चार वेळा उसवले. उजव्या हाताची बोटे डाव्या हाताने सुईभोवती वाकवून ठेवावी लागतात.

चूक आज सापडली. ओळ संपली की कापडच पलटवायचे असते. मी पलटवीत नव्हतो. सुई उलटी धरून आल्या वाटेने परत जाऊ पाहत होतो. साठ वर्षे मागावर माझा धोटा आडवा जाऊन परत आला, कापड जागचे हलले नाही!

"अहो बाबा, पलटवा ना! ते काही खुंट्याले बांधलं नाही!"

नात खुशी हसून लोळली. वडीलधाऱ्यांना हसू नये, असे तिला सांगितले. ती खेळायला गेल्यावर पलटवले.

२ सप्टेंबर

एकवीस ओळी, चादरीचा त्रिकोण झाला. मधले बोट आता आपोआप वाकते. सदऱ्याचे बटण स्वतः लावले. खुशी म्हणते, "आबा, तुमचा समोसा मोठा होऊन राहिला!"

५ सप्टेंबर

भिंतीपलीकडून वैभवचा आवाज आला. "बाबांचा हात मस्त चालून राहिला वं. दिवाळीच्या आत सही होऊन जाते." प्रियदर्शनी काय बोलली ते कळले नाही, मिक्सर सुरू झाला.

तर हे असे आहे! सुई कपाटावर ठेवून दिली.

६ सप्टेंबर

सुई घेतली नाही.

७ सप्टेंबर

घेतली नाही.

१० सप्टेंबर

बोटे पुन्हा आखडली. आज सदऱ्याचे बटण वैभवने लावले. लहान मुलाप्रमाणे हनुवटी वर करून उभा राहिलो.

हात बरा झाला तर घर जाते. घर राखावे तर हात जातो. सकाळपासून हाच हिशेब करीत बसलो आहे.

दुपारी प्रियदर्शनीने तो त्रिकोण माझ्या मांडीवर आणून टाकला. "सही करा, नका करू, ते तुमचं अन् त्यांचं. पण हे असं अर्धवट नका सोडू. माझी लोकर वाया जाते."

मी विचारले, "सहीसाठी माझा हात चालता कर, असे वैभवने तुला सांगितले होते ना?"

"मले या घरात कोणी काही सांगत नाही, बाबा. तुम्हीबी नाही."

सुई घेतली.

२० सप्टेंबर

एका ओळीत छत्तीस चौकोन झाले. येथे थांबायचे, हे मीच ठरवले. आता घटवायचे. ओळीच्या आरंभी साखळ्या घालायच्या नाहीत. मागच्या चौकोनावरून नुसते टाके सरकवीत पुढे जायचे.

हे जिवावर येते. माझ्या काळी पन्हा बोटभर कमी भरला तर सोसायटी लुगडे परत करी. कोणाला न विचारता तीन ओळी वाढवूनच विणल्या. प्रियदर्शनीने मोजले, चादर माझ्यासमोर ठेवून चहा करायला गेली. तिन्ही ओळी मी स्वतः उसवल्या.

४ ऑक्टोबर

ही ओळ उजव्या हाताने लिहिली. कोणाला सांगितलेले नाही.

९ ऑक्टोबर

चादर संपली. शेवटच्या कोपऱ्यात एकच चौकोन उरतो, तोही बसला. चारही कडा सरळ!

वैभवने ती गुडघ्यांवर पसरून पाहिली. "वा बाबा! कोण म्हणेन या हाताले लकवा झाला होता? रविवारी ते कागदाचं करून टाकू मग."

मी होकाराची मान हलविली. का हलविली?

११ ऑक्टोबर

दुपारी, कुलूपबंद घरात, जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सही करून पाहिली. नत्थू लहानू बारापात्रे. 'त्रे'चा फाटासुद्धा पूर्वीसारखा आला.

मग मुद्दाम वाकडी, थरथरती करून पाहिली. उत्तम साधली. कोणीही फसला असता. तो तुकडा फाडून बारीक केला आणि कचऱ्यात टाकला. हात धुतले.

१२ ऑक्टोबर, रविवार

छापील मजकुराखाली मी उजव्या हाताने लिहिले — घर विकण्यास माझी संमती नाही. त्याखाली पूर्ण सही केली.

वैभवने दोनदा वाचले. मला वाटले, ओरडेल. तो पलंगाच्या काठावर बसला. "हे त्या दिवशीच सांगितलं असतं तर मी तेव्हाच थांबलो असतो ना, बाबा. तुम्ही सही करीन म्हटलं, म्हणून मी वामनरावले हो म्हणून बसलो."

मला कोणी विचारलेच नव्हते, असे म्हणायला तोंड उघडले. विचारले होते. दोनदा.

वामनरावांना फोन मी केला. शब्द माझा होता, मोडलाही मीच.