गाडी उतारावर लावली नाही

अहो,

तुमचा फोन रात्रपाळीभर कंपनीच्या गेटवर जमा, म्हणून चिठ्ठी. पहाटेपासून आईंना श्वास पुरत नाहीये. इंजिनाचा बिघडलेला हीटर प्लग बदलेपर्यंत गाडी उतारावरच लाव, थंडीत ढकलूनच सुरू होईल, असं तुम्ही दहादा बजावलं होतं. काल भाजीच्या पिशव्या होत्या म्हणून मी जिन्याजवळ सपाटीवरच लावली. आता सेल्फ मारून मारून बॅटरीही बसली. शेजारच्या ममताबेनच्या दुधाच्या टेम्पोतून आईंना सिव्हिलला नेतेय. कपडे न बदलता तसेच या. मला काय बोलायचं ते मग बोला.

आईंना धड बोलवत नाहीये, तरी म्हणतात, "त्याला सांग, गाडी मीच तिथं लावायला सांगितली."

नाही हो. मीच लावली.

रोहिणी