‘कळवले’ असा शेरा

४ मार्च
रुजू झाले! गुन्हे-प्रतिबंध कार्यालय, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. काम सोपं. कैदी सुटायच्या आदल्या दिवशी, त्याने ज्यांचा छळ केला त्यांना फोन करून सावध करायचं, रजिस्टरात ‘कळवले’ लिहून सही करायची. साहेब म्हणाले, बिनधास्त राहा, फोन कुणाला चावत नाही. खोलीही छान मिळाली, ऑफिसपासून चालत सात मिनिटं. ताईला सांगितलं, एकदाचं बूड टेकलं माझं.

१४ मार्च
दिवसाला चाळीस फोन. कुणी रडतं, कुणी माझ्यावरच तोंडसुख घेतं, कुणी नुसतं ‘बरं’ म्हणतं. ते ‘बरं’ सगळ्यांत जड. घरी आल्यावर भात टाकायचंही जिवावर येतं. ताई म्हणते, आवाज बसलाय तुझा.

२१ मार्च
शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा नवरा उद्या सुटणार. तिला तीनदा फोन लावला, उचलला नाही. पाच वाजून गेलेले, डोकं भणभणत होतं. ‘कळवले’ लिहिलं, सही केली आणि निघाले. उद्या आल्या आल्या पहिला तिलाच लावीन.

२५ मार्च
तीन दिवस तापाने पडून होते. तिला फोन राहूनच गेला. आज साहेबांनी सांगितलं, तो सुटला त्याच दुपारी तिला ठार मारलं त्याने. ती मशीनवर बसलेली, दार उघडंच. तो पकडला गेलाय. साहेबांनी रजिस्टर पाहिलं, म्हणाले, आपण कळवलं होतं, आपण सुटलो.
मी रजिस्टर मिटून जागेवर ठेवलं.

२७ मार्च
अकरा वाजता फोन. तिचाच नंबर. मागे शिलाई मशीन चाललेली. “मॅडम, तुम्ही फोन केला होता का? मशीनच्या आवाजात ऐकूच आला नाही.”
ठेवून दिला. तिचा मोबाईल पोलिसांकडे सीलबंद आहे, मी विचारून घेतलं.

२ एप्रिल
रोज अकराला. चिडत नाही. जेवलात का विचारते, दमलात का विचारते. चिडली असती तर बरं झालं असतं. आज म्हणाली, तो सुटला तर मी तुम्हाला नक्की कळवीन.

४ एप्रिल
साहेबांना खरं सांगितलं, लेखी दिलं. त्यांनी कागद फाडला. म्हणाले, रजा घ्या.

५ एप्रिल
घरी. अकराला मोबाईल वाजला. “सुटलाय, मॅडम. कोर्टात नेताना पळाला. पोलिसांनी रजिस्टरातली तुमची सही दाखवली होती त्याला. त्याला वाटतं, तुम्हीच मला फितवलंत.”
साहेबांना विचारलं. खरंच पळालाय. पोलीस निघालेत म्हणे.

पुढच्या दाराला कडी लावली. टेबल आड सरकवलं. लिहीत राहिले तर धीर टिकेल—

फाटक वाजलं. पोलीस असतील.

पुन्हा तिचा फोन. म्हणते, पोलीस नाहीत. आवाज करू नका. विचारते, मागचं दार?

मागच्या दाराची कडी मी—