ज्याच्या त्याच्या घरचं गणित

२ जुलै १९५७
नॉर्मल स्कूलचं ट्रेनिंग संपवून शाळेवर रुजू झालो. आर्णीपासून बैलगाडीचा रस्ता. इथे फार दिवस राहायचं नाही. वर्षभरात नाव कमवायचं आणि पुसदला ट्रान्सफर घ्यायची, हे पक्कं. चौथीचा वर्ग माझ्याकडे. सगळ्या पोरांना एकच पुस्तक, एकच गणित. निव्वळ रानटीपणा. उद्यापासून बंद.

५ जुलै
(उद्याचं आज झालं. मधले दोन दिवस थिंकिंग.)
मेथड तयार. प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण. गरज ओळखायची कशी? मुलाला विचारण्यात अर्थ नाही, त्याला काय कळतं. बापाचा धंदा पाहायचा. ज्याच्या घरी जे काम, त्याला त्याचंच गणित. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला सुचली नाही याचं नवल वाटतं.
जुबैदाचा बाप रहेमान पिंजारी गाद्या भरतो, तिला रुईची गणितं. हिरासिंग तांड्यावरचा, त्याला बैलांची. पाटलांच्या नलूला काय द्यावं कळेना. पाटील दिवसभर ओट्यावर बसून पान खातात. त्यावर गणित बसेना. तिला तूर्त पुस्तकच ठेवलं.

८ जुलै
धर्मपालचा प्रश्न सुटला. हजेरीत याचं नाव फकिरा. गेल्या दसऱ्याला घरची मंडळी नागपूरला जाऊन बौद्ध झाली आणि पोराचं नावही बदलून आली. मी हजेरीला दोन्ही नावं घेतो. मन मोठं असावं लागतं. बाप उकंडा हल्ली निंदणाच्या मजुरीला जातो, पण मजुरीत गणित ते काय? पूर्वीचा धंदा घेतला. मेलेली ढोरं ओढणं, कातडी सोलणं. रविवार मोडून त्याच्यासाठी खास गणितं रचली. एवढी मेहनत मी नलूसाठीही घेतली नाही.

११ जुलै
उकंडा शाळेत आला. पोराची पाटी पुढे धरली. आवाज चढवला नाही, हे विशेष. म्हणाला, "ते काम आमी सोडलं, गुरुजी. सारा मोहल्ला सोडून बसला. मंग पोराले त्याच कामाचं गणित कायले शिकवून राह्यले?"
मी त्याला बालमानसशास्त्र समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाटलाच्या नलूले जे शिकवता, तेच याले शिकवा." वर सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमचे वडील काय करत होते? मी सांगितलं, सार्वजनिक कार्य करत. (खोटं नाही. लग्नांच्या पंगती सार्वजनिकच असतात.) मग वर्गात काम आहे म्हणून त्याला वाटेला लावलं.
अडाणी माणसाशी वाद नको. धर्मपालला नलूच्या पुस्तकात बसवलं. पोराचं नुकसान झालं. माझा नाइलाज.

१९ ऑगस्ट
जितकी पोरं तितकी गणितं, म्हणजे तितक्यांदा तपासणं. डोकं दुखतं. जुबैदाला गेल्या आठवड्याचंच गणित पुन्हा दिलं. याला दृढीकरण म्हणतात. ती म्हणाली, "घरी बी रुई, शाळेत बी रुई. पाटीवर तरी दुसरं काही द्या नं, गुरुजी." मुलांना आपलं हित कळत नाही.

३ नोव्हेंबर
मेथड आपोआप चालते आहे. मी खुर्चीत डोळे मिटून निरीक्षण करतो. नलू आणि धर्मपाल एका पुस्तकावर डोकी घालून मोठमोठ्याने सोडवत बसतात, त्यामुळे निरीक्षणात अडथळा येतो. दोघांना दाराबाहेर बसवलं.

१२ फेब्रुवारी १९५८
इन्स्पेक्शन. साहेब पुसदहून जीपने आले. मेथड सांगितली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. प्रभाव पडलेला दिसला.
मग सगळ्या वर्गाला एकच गणित घातलं. (माझ्या मेथडच्या विरुद्ध, पण साहेबांना कोण सांगणार.) आठ टोपल्या, प्रत्येकीत पंधरा आंबे. हिरासिंगने विचारलं, गाडीले बैल किती? जुबैदा म्हणाली, आंब्याचं आम्हाले शिकवलं नाही. बाहेरून धर्मपाल आणि नलूने एकदमच उत्तर दिलं. साहेबांनी त्या दोघांना कोण शिकवतं म्हणून विचारलं. मी म्हणालो, मीच. ते खरंच आहे. पगार मीच घेतो.
जेवण पाटलांकडे. त्यांचा स्वयंपाकी तापाने पडलेला, आतल्या बाया गोंधळलेल्या, वरणाचं पाणी एकीकडे, डाळ एकीकडे. मला बघवेना. बाह्या सारल्या. फक्त वरण आणि पाटोडीचा रस्सा, बाकी हात लावला नाही.
साहेबांनी पहिल्याच घासाला मान वर केली. म्हणाले, "हा हात आमच्या बापूजी आचाऱ्याचा. तुम्ही त्यांचे कोण?" पाटलांच्या सगळ्या ओसरीसमोर. मी म्हणालो, मुलगा.
असो. साहेब जाताना खूश होते.

३० एप्रिल
चौथीचा रिझल्ट. नलू आणि धर्मपाल पास. बाकी सगळे नापास. पेपरात रुई, बैल, कातडी यांपैकी काहीही आलं नव्हतं. पेपर काढणाऱ्याला मेथड माहीत नसावी.
संध्याकाळी रहेमानने येऊन सांगितलं, जुबैदाला शाळेतून काढलं. "गादीच भरायची तर शाळा कायले?" त्याच्या मागे ती उभी होती. पाटी परत द्यायला आली होती. पाटी शाळेची नव्हती, तिचीच होती. मी तसं सांगितलं, तरी ती ठेवून गेली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
पण धर्मपालचा विचार केला तर वैयक्तिक लक्ष न देण्याची गरज मीच ओळखली होती. तेही माझ्याच खात्यात.

६ जून
साहेबांचा चपराशी निरोप घेऊन आला. पुसदला शिक्षकांचं शिबिर आहे, विषय 'मुलागणिक अध्यापन', आणि माझ्यासाठी तिथे खास काम राखून ठेवलं आहे. शेवटी कोणीतरी ओळखलं. भाषण लिहायला घेतलं. कोटाला इस्त्री.

२५ जून, पुसद
साहेबांनी खांद्यावर हात ठेवून हॉलमागे स्वयंपाकाच्या चुलाण्याकडे नेलं. म्हणाले, प्रत्येकाला त्याच्या घरच्या कामावरून जोखावं, ही तुमचीच मेथड, नाही का? भाषणं हॉलमध्ये चालू आहेत. इथवर ऐकू येत नाही.

२६ जून, दुपार
पंगतीत एका गुरुजींना बिनतिखटाचं हवं, एकाला भाताऐवजी पोळी, एकाला वरण पातळ. मी पळी आपटली. म्हणालो, ही पंगत आहे, एकेकाची आवड बघत बसलो तर उठायची कधी? सगळ्यांना एकच. मुकाट्याने जेवले.
मागच्या दाराशी उकंडा दिसला. शिबिर ज्या शाळेत, तिथेच पोराचं नाव घालायला आला होता. धर्मपालच्या अंगात नवा सदरा. मी पळी मागे लपवली. उकंडाने विचारलं, गुरुजी, तुमी इथं काहून? मी म्हणालो, स्पेशल ड्यूटी. त्याने चुलाण्याकडे पाहिलं, माझ्या धोतरावरच्या हळदीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सोडता येते, गुरुजी. आमी सोडलं ना."
उत्तर सुचत होतं. तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडलं, आचारी, वरण आणा.
मी ओ दिली.