टोचतंय ते बरं

हर्नडन, ७ जानेवारी १९८९

ती. वीणाताईस,
सा. न. वि. वि.

तुझे तिळगुळाचे लाडू पोचले. निम्मे तुझ्या मेव्हण्याने, प्रतापने, उभ्या उभ्या संपवले.

मी नोकरी करते ते औषधांचं दुकान नोव्हेंबरात दुसऱ्यांदा लुटलं, हे फोनवर सांगितलंच होतं. काउंटरवर मीच होते. आता हत्यार अंगावर बाळगायचा इथल्या कोर्टाचा परवाना मिळाला आणि छोटं रिव्हॉल्वरही आलं. शिकवणारे म्हणतात, माझा नेम बरा आहे. पण ते अंगावर ठेवू कुठे? कमरेचं कातडी म्यान पुरुषांच्या सरळ कमरेसाठी केलेलं; बसलं की बरगडीत टोचतं. काखेतल्या पट्ट्याने खांदा सोलवटला. घोट्याला बांधलं तर संध्याकाळी पाऊल उचलत नाही. पर्स तेवढी सुखाची वाटते. फार दमलेय गं. तुला शिवणातलं कळतं, काहीतरी सुचव.

तुझीच,
सुनेत्रा

अर्विंग, १४ जानेवारी १९८९

चि. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद.

शाळेत एका पावसाळ्यात तीन छत्र्या हरवणारी तू! पर्सचं नावही काढू नकोस. आई प्रवासात पैसे बांधायची तशी कापडी पिशवी शिवणार होते, पण मऊ कापडातून घोडा दाबला जाईल, म्हणून यांनी हात धरला. तेव्हा कातडी म्यानच बरं. पॅन्ट एक साइज मोठी घे, पट्टा रुंद लाव, म्यान जरा मागे सरकव. आणि नोकरी सोडायचं मनात आलं, तर लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस.

सांभाळून राहा. पत्राला उशीर केलास तर मी फोन करून रागवेन.

तुझी ताई

हर्नडन, २३ जानेवारी १९८९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल इथल्या सरलाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. दुकान दोनला बंद करून थेट तिकडेच गेले आणि तिथे साडी नेसले. साडीवर पट्टा कुठला? रिव्हॉल्वर पर्समध्ये टाकलं आणि पर्स सगळ्यांच्या कोटांबरोबर पलंगावर. बायका वाण विसरतात म्हणून काकू दरवर्षी ते जिच्या तिच्या पर्समध्ये स्वतः घालतात. मला हे पाठ आहे, ताई. तरीही.

वाणाची वाटी घेऊन त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग माझी पर्स दोन्ही हातांवर धरून आणली, माझ्या मांडीवर ठेवली. मला कुंकू लावलं. हळूच एवढंच म्हणाल्या की पुढच्या वर्षीही ये हो, पण त्या कोटांशेजारी आमची नात झोपली होती.

नोकरी सोडवत नाही. आज पॅन्ट मोठी घेतली, पट्टा रुंद लावला, म्यान मागे सरकवलं. तरी टोचतंच. टोचतंय तोवर ते कुठे आहे ते मला कळतं. घरी आल्यावर कपाटात, कुलपात.

काकूंची वाटी अजून पर्समध्येच आहे, काढवत नाही. रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
सुनेत्रा