मैनेनं सांगितलेले शेवट

अकोला,
८ सप्टेंबर १९६३

प्रिय मैना,

तुहं कार्ड परवा भेटलं. तवापासून माहं कशात लक्ष नाही. काल एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव जुळवलं अन् मालकाची बोलणी खाल्ली. त्यात आपला बाइंडर खुशालराव सांगून गेला की तुहे थोरले डोमाजीभाऊ तुह्यासाठी बडनेऱ्याचं स्थळ पाहून राहिले. तू कार्डात ते लिहिलं नाही. प्रेसमध्ये दिवसभर पुण्याची भाषा जुळवतो, म्हणून तुले आपल्या बोलीत लिहून राहिलो. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नको, एवढं माहं ऐक.

तू गेली अन् गोष्टींची मजाच गेली बाप्पा. लेखकाचे कागद अजूनही आम्हा चौघा कंपोझिटरांत वाटतात. मधली पानं माह्याकडे, शेवटची जानरावकडे. शेवट काय झाला म्हणून त्याले इचारलं तर म्हणते, मी शिशाचे खिळे जुळवतो, अर्थ नाही. असा माणूस जेवते तरी कशाले! छापलेली पुस्तकं गठ्ठे बांधून बाहेरगावी जातात, आपल्याले कोण वाचाले देते? म्हणून चार वर्षं माही सारी मदार तुह्यावर. छापलेले कागद घडी घालाले तुह्याकडंच यायचे. दुपारी भाकरीचं फडकं सोडलं की मी माही पानं सांगायचो, अन् तू ठेचा चाटत चाटत शेवट सांगायची.

सध्या मंगळावरची गोष्ट चालू आहे. तिथली माणसं हिरवी, तीन डोळ्यांची, पण बोलणं असं शुद्ध की काय सांगू! एकाच्याही तोंडी 'काहून' नाही. एवढ्या मोठ्या आभाळात वऱ्हाडातला कोणीच पोचला नाही का? भुताच्या गोष्टींचं तेच. भूत राहीन तर जमीनदाराच्या हवेलीत. कापसाच्या जिनिंगमध्ये नाही, अन् आपल्या वस्तीत तर नाहीच नाही. माह्या मायनं छप्पन साली देव सोडले, त्यायच्या संगं भुतंही सोडली, पण गोष्टीतल्या भुताले तिची ना नाही. अजूनही संध्याकाळी इचारते, मैना इथं असती तर काय म्हणाली असती रे?

तुही माय गेली अन् डोमाजीभाऊ तुले अमरावतीले न्याले आले, त्या दुपारी तू मले सरळ इचारलं होतं की मी चालली, तुमाले काही म्हणाचं आहे का. अन् म्या मूर्खानं काय म्हणावं? त्या विहिरीवरच्या भुताच्या गोष्टीचा शेवट तेवढा सांगून जा! तू सांगतलाही. ती बाई कोणाले धराले येत नव्हती, तहानेनं येत होती. जिवंत असताना तिले कोणी पाणी वाढलं नव्हतं. धाकट्या सुनेनं तिच्या ओंजळीत पाणी ओतलं, अन् ती गेली. माह्या डोळ्यात पाणी आलं. तुले वाटलं असंल, गोष्टीपायी.

अन् आता हे तीन ओळींचं कार्ड. बायांच्या वर्गात जाते, सहा महिन्यांत अक्षरं आली, आता खरंच वाचीन, एक पुस्तक पाठवा. मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. अक्षरं आता आली, तर मंग चार वर्षं काय वाचत होती ही? मंग आठवलं, घडी घालताना तू फक्त पानांचे आकडे पाहायची. काल भाड्याच्या वाचनालयात जाऊन आपल्या प्रेसची दोन पुस्तकं काढली. विहिरीवरच्या त्या बाईले मांत्रिकानं बाटलीत भरून बूच लावलं आहे. दुसऱ्या गोष्टीतल्या जिनिंगवाल्या शेठजीचा खून तू सांगायची की सैपाकीण बाईनं केला, अन् तपास करणाऱ्या फौजदारानं तिच्या हातची भाकर खाऊन तिले सोडून दिलं. पुस्तकात तो रंगूनहून आलेल्या जुळ्या भावानं केला आहे. जुळा भाऊ! चवदा प्रकरणं हा कुठं निजला होता? वाचकाले असं फसवणाऱ्याले लेखक म्हणाचं? फसवावं तर तुह्यासारखं. सारे शेवट तुहे होते मैना, अन् मी लेखकायची तारीफ करत बसलो. हसू आलं, मंग लय भरून आलं. ज्याच्यासाठी मी दुपारची वाट पाहायचो, ते कोणत्या पुस्तकात नव्हतंच. आता दुपारी नुसती भाकर खातो अन् उठतो.

तर पुस्तक पाठवत नाही, घेऊन येतो. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी माय अन् मी सकाळच्या मोटारीनं येऊन राहिलो, डोमाजीभाऊकडे तुही मागणी घालाले. त्या दुपारी मले हेच म्हणाचं होतं, पण जीभ रेटली नाही. तुह्या मनात नसंल तर भावाले मधात घालू नको, कोणाच्या तोंडी निरोपही धाडू नको. कार्डावर 'नाही' लिहून टाक. तेवढं तुले आता लिहिता येते. तुह्या हातचं असंल तर मी मानून घेईन, अन् पुस्तक डाकेनं येईन. कार्ड आलं नाही, तर आम्ही निघालोच समज.

तुहाच,
देवमन