सोनाकाकूने अंगठा दिला नाही

पेती राफ्रे, शनिवार, ९ सप्टेंबर १९७८

आज ठरवलं तसं काहीच झालं नाही, आणि तरी मन भरून आलंय.

पोर्ट लुई बंदरातला मजुरांचा जुना डेपो, जिथे हिंदुस्थानातून आलेले आमचे आजे-पणजे बोटीतून उतरले, तो पाडू नये म्हणून अर्ज घेऊन आरतीनंतर देवळात बसलो होतो. तरुणांनी पटापट सह्या केल्या. सोनाकाकूपुढे शाई धरली, तर तिने अंगठा पदरात गुंडाळला.

"माझ्या बापाने तिथेच अंगठा दिला होता," ती म्हणाली. "पाच वर्षं ऊस तोडून परत जाणार होता. गेला नाही. तेव्हापासून आमच्या घरात कागदाला कोणी अंगठा लावत नाही."

तिचं पाहून बाकीच्या म्हाताऱ्यांनीही हात आवरले. पदरातला तो अंगठा अजून डोळ्यांपुढे आहे. त्याच डेपोसाठी मी पुन्हा अंगठेच मागत होतो. हे आधी कसं सुचलं नाही मला?

"मग काकू, पाडू द्यायचा का तो डेपो?" मी विचारलं.

"तसं कोण म्हणालं? बस आण. बोटीतून उतरून बाप चढला, त्याच पायऱ्यांवर मी जाऊन बसते. बघू कोण पाडतो."

"आणि कंबर?" विठूदादाने चिमटा काढला.

"तू ने उचलून. चौघांचं जेवतोस की."

सगळं देऊळ हसलं. तिथल्या तिथे उद्याची बस ठरली. गणरायाचीच कृपा. अंगठ्यांचा रकाना कोरा राहिला, पण म्हाताऱ्यांनीच बस भरली, माझ्यासाठीसुद्धा जागा उरली नाही. मी आनंदाने उभा जाईन.