तीन तासांच्या मधलं रडणं

वाशी, १९८४
भर दुपार

प्रिय आई,

तुला पत्र लिहितेय. हसू नकोस. तू होतीस तेव्हा एक ओळ कधी लिहिली नाही. आपलं करावे गाव इथून आहे किती लांब! आणि लिहिलं असतं तरी दादाकडून वाचून घ्यावं लागलं असतं तुला, आणि त्यानं सोयीचं तेवढं वाचून बाकीचं गिळलं असतं. आता ती भानगड नाही. आता मी बिनधास्त लिहिते.

कारण एकच. मला एक विचारायचंय आणि विचारायला इथं कुणी नाही. तान्ह्या पोरीला दिवसातून किती वेळा पाजायचं गं?

बघ, एवढंसं विचारायचं होतं! सातव्या महिन्यात माझी ओटी भरून गेलीस. जाताना दारात वळून म्हणालीस, "आता बालंतपनालाच ये." मी म्हटलं, येईन की. तेव्हा विचारून घेतलं असतं तर? पण तेव्हा मला वाटत होतं, तू आहेसच. आणि तू चार दिवसांच्या तापाचं निमित्त करून निघून गेलीस! असं कुणी करतं का, आई? पोरीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं असताना?

दादा आला होता न्यायला. बिचारा दारात उभा राहून चपलेनं फरशी घासत होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, "घरात बाई कोण आहे तुमच्या? बाळंतिणीचं कोण करणार? तू, का तुझा बाप?" तो चहा प्याला आणि गेला. म्हणून तुझी लेक माहेर असून सासरी बाळंत झाली.

आता मी कुठं आहे सांगते. दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली. पलंग, कपाट आणि मी. खिडकी बंद, तिच्या फटीत जुनं पातळ कोंबलंय, वारा लागू नये म्हणून. कानाला फडकं. पलंगाखाली शेगडी. बाहेरच्या खोलीत सासरे पेपर घेऊन बसलेले असतात, त्यामुळे मोरीवर जायचं तर डोक्यावर पदर घेऊन त्यांच्यासमोरून जायचं. मी निघाले की ते पेपर उंच धरतात. तेही माझ्यासारखेच कोंडलेत म्हणा! सव्वा महिना मला उंबरा ओलांडायचा नाही आणि त्यांना त्या खुर्चीवरून मान फिरवायची नाही.

हे पहिली पाळी करून दुपारी येतात, जेवतात आणि झोपतात. काही विचारलं तर म्हणतात, "आईला विचार. मला काय कळतं त्यातलं?" खरंच आहे. त्यांना काय कळतं!

आणि भिंतीवर घड्याळ. ते आधी बाहेरच्या खोलीत होतं. मी पोरीला घेऊन घरी आले त्याच दिवशी सासूबाईंनी ते काढून माझ्या पलंगासमोर लावलं. म्हणाल्या, "तीन तासांनी पाजायचं. मधे नाही. दवाखान्यात सांगितलंय." मला तिथं कुणी सांगितलं नव्हतं, पण मी तेव्हा अर्धी झोपेत होते. सांगितलं असेल म्हटलं.

पण पोरीला घड्याळ कळत नाही ना! तासाभरात चुळबुळ सुरू होते. आधी मूठ तोंडात घालते, मग मान इकडून तिकडे फिरवते, ओठांनी हवेत काहीतरी शोधते, मग कुरकुर, आणि मग जो टाहो फोडते! लालभडक होते नुसती. मी तिला खांद्यावर घेते, थोपटते, फेऱ्या मारते. फेऱ्या तरी किती मारणार, तीन पावलांत भिंत येते.

आई, तुला माहीत असेल, पण मला माहीत नव्हतं. ती रडली की माझ्या अंगावर आपोआप पान्हा येतो. मी काहीच केलेलं नसतं. पोलकं भिजतं, पातळ भिजतं, छाती दगडासारखी दुखते. इकडे दूध वाहून जातंय, तिकडे पोर भुकेनं रडतेय, आणि मधे कोण? तर भिंतीवरचं घड्याळ! मला कधी कधी वाटतं, ओरडावं. पण ओरडायचं कुणावर? खाली-वर सगळे ऐकतात. सोसायटी आहे ना ही.

दिवेलागणीला तर विचारू नकोस. दिवसा निदान दोन डुलक्या घेते, पण संध्याकाळी तिला सतत हवं असतं. दोन घोट पिणार, सोडणार, रडणार, पुन्हा मागणार. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. गुटी चाटवली. काही नाही. मग परवा त्यांनी निकाल दिला, "हिला दूधच पुरत नाही. वरचं सुरू करा." ह्यांनी निमूटपणे पावडरचा डबा आणून दिला. फळीवर ठेवलाय, मला दिसेल असा.

आज दिवेलागणीला पोर वेळेआधी रडली तर डबा उघडायचा, असं ठरलंय. आणि ती रडणारच! वरचं सुरू झालं की अंगावरचं आटत जातं, एवढं मलाही कळतं. लंगोट तर धू-धू धुवावे लागतात, वाळायला दोऱ्या पुरत नाहीत. पोटात काही जात नसेल तर एवढं कुठून येतं? हे मी सासूबाईंना बोलले नाही. मनात बोलले. माझं सगळं बोलणं हल्ली मनातच होतं.

काल काशीकाकी आली होती. आपल्या शेजारची, आणखी कोण! बाळंतविडा घेऊन आली आणि पिशवीत खाली झाकून मुशी माशाचं कालवण. "दुधाला चांगला," म्हणाली. सासूबाईंनी लगेच गॅलरीचं दार लावून घेतलं, वरच्यांना वास जाईल म्हणून. मी दोन वाट्या खाल्लं. तुझ्या हातचं नव्हतं, तरी खाता खाता रडले. काकी म्हणाली, "मिरची लागली का गो?" मी म्हटलं, हो.

तिला विचारलं, आई मला किती वेळा पाजायची?

काकी हसतच सुटली. "कोन मोजतो गो? पोर तोंड वासली का घ्यायची. आनि तुजी आय घरान असायची कवा? ती टोपली घेऊन बाजाराला गेली का तू आमच्या ओटीवर. ररलीस का मी घ्यायची, नायतर बाजूची गंगी घ्यायची. माजा पन दूध पिलीस तू."

म्हणजे? आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस! मी आपली समजत होते, मला तूच पाजलंस, एकटीनं. आधी मला राग आला तुझा. मग वाटलं, किती मजा होती माझी! एक गेली की दुसरी. मला कधी वाटच बघावी लागली नसेल. आणि तुलाही वाट बघायला लावणारं कुणी नव्हतं. माझ्या पोरीला मात्र मी एकटी, आणि मलाही तास भरल्याशिवाय तिला घ्यायची परवानगी नाही. आपल्या गल्लीतली एक बाई या खोलीत असती ना, तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

तेवढ्यात पोर उठली आणि लागली रडायला. माझी नजर घड्याळाकडे गेली. काकीनं ते पाहिलं. "अगो, घे ना तिला! बगतेस काय?"

सासूबाई दारातच होत्या. फ्लॅटात आल्यापासून त्या ठेवणीतलं बोलतात, 'आहे', 'नाही', सगळं नीट. काल मात्र त्यांचं गावाकडचं, जासईचं बोलणं एकदम बाहेर आलं. "नको घेऊस! तुमाला काय म्हाईत हाय? माजा पयला पोरगा असाच गेला. दिसभर लावून बसायची मी त्याला. ताप आला, जुलाब झाले, पोट फुगला त्याचा. सासू माजी सगल्या बायकांसमोर बोलली, पाजून पाजून मारलास पोराला."

बाहेर सासऱ्यांचा पेपरसुद्धा वाजला नाही. ह्यांच्या आधी एक भाऊ होता, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. बहुतेक ह्यांनाही माहीत नसावं.

काकी हळूच म्हणाली, "बाय, जुलाबानं पोर जातं गो. आयच्या दुधानं नाय जात."

सासूबाई आत निघून गेल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत. आणि मी, आई, मी काय केलं सांगू? घड्याळात तास भरेपर्यंत पोरीला खांद्यावर घेऊन फिरत राहिले. सगळं कळूनही! भीती अशी लागते बघ, एकीची दुसरीला. मला वाटलं, खरंच काही झालं तर? मग माझ्याबद्दलही कुणीतरी तेच बोलेल, आणि ते मी जन्मभर ऐकत राहीन.

पोर हलायला लागली. थांब.

संध्याकाळ

अर्धं टाकून उठले होते, आता पुरं करते. पोर मांडीवर आहे, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येतंय. तुला कुठं कळणार म्हणा!

ती दिवे लागायच्या वेळेलाच उठली, ठरल्यासारखी. तास भरायला अजून पुष्कळ वेळ होता. सासूबाई दारात आल्या. एका हातात वाटी-चमचा, दुसऱ्या हातात तो डबा. त्या आधी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघू लागल्या. वाटलं, आता डबा उघडला की संपलंच.

मी पोरीला उचललं, पदराखाली घेतलं आणि सासूबाईंना म्हटलं, "आत्या, इथं बसा. तिच्या पोटाला हात लावून बसा. फुगलं, कडक झालं, तर सांगा, मी तिथल्या तिथं थांबवीन."

हे माझ्या तोंडून कसं आलं, मला अजून कळत नाही.

त्या उभ्याच राहिल्या. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण त्यांनी डबा खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसल्या. आपला हात आधी शेगडीवर धरून गरम केला, मग पोरीच्या पोटावर ठेवला. पोर दोन घोट पिणार, सोडणार, किंचाळणार. ती किंचाळली की सासूबाई दचकायच्या. मी तिला या बाजूनं त्या बाजूला घ्यायची. पुन्हा पिणार, पुन्हा सोडणार. किती वेळ असं चाललं, मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे पाठ केली होती.

शेवटी ती प्यायची थांबली. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं आणि मुठी सुटल्या. सासूबाई तशाच बसून होत्या. मग म्हणाल्या, "मऊ हाय गो पोट." आणि हात न उचलता म्हणाल्या, "त्याचा असा नव्हता."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. आमचं तसलं नाही अजून. त्यांनी डबा उचलला आणि पुन्हा फळीवर ठेवला. फेकला नाही हं! खिडकीही बंदच आहे, कानाला फडकंही आहे, सव्वा महिना सरायला बराच वेळ आहे. उद्या त्या काय म्हणतील, देव जाणे. आत्ता आत स्वयंपाकघरात काहीतरी करतायत, भांड्यांचा आवाज येतोय.

आई, तुझ्यावरचा राग माझा गेलेला नाही. तू हवी होतीस. तू असतीस तर आज सासूबाईंच्या जागी तू बसली असतीस, आणि हात न लावता नुसतं बघून सांगितलं असतंस की पोर बरी आहे.

तुला वचन देते. माझी पोर मागेल तेव्हा मी तिला घेईन, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. कुठल्याही बाईला, तिचं मूल गेलेलं असताना, 'तुझ्यामुळे' म्हणणार नाही, आणि कुणी म्हणायला लागलं तर गप्प बसणार नाही. आणि हिचं बाळंतपण येईल तेव्हा मी असेन. हे आपल्या हातात नसतं, मला माहीत आहे. तुझ्याही हातात नव्हतं. तरीही सांगते, मी असेन.

तुझी,
रंजू